तक्रार पत्र : कार्डिफ येथे विनामूल्य संग्रहालयांचे प्रवेश शुल्क आकारल्याबाबत आणि किल्ला बाहेरूनच दाखवल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ब्रिटन सहलीतील कार्डिफचा दिवस ठरल्याप्रमाणे न दाखवल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी.

महोदय,

आपल्या कंपनीच्या यंदाच्या उन्हाळी ब्रिटन सहलीत मी व माझे यजमान सहभागी झालो होतो. सहलीतील इतर दिवसांबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. जेवणाची व निवासाची व्यवस्था चांगली होती आणि आपल्या टूर मॅनेजरने ज्येष्ठ प्रवाशांची मनापासून काळजी घेतली. माझी तक्रार केवळ वेल्सची राजधानी कार्डिफ येथील एका दिवसाबद्दल आहे. मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे आणि इतर कंपन्यांच्या सहली सोडून आपली सहल निवडण्याचे प्रमुख कारण हाच दिवस होता, कारण बाकीच्या कार्यक्रमपत्रिकांमध्ये वेल्सचा उल्लेखही नव्हता.

आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवशी कार्डिफचा किल्ला ‘आतून’, वेल्सचे राष्ट्रीय संग्रहालय, सेंट फॅगन्स येथील खुले संग्रहालय आणि कार्डिफ बे अशी चार ठिकाणे दिली होती व ‘सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट’ असे ठळक अक्षरांत म्हटले होते. सहलीच्या शुल्कपत्रकात पहिल्या तिन्ही ठिकाणांच्या प्रवेशाची रक्कम प्रतिव्यक्ती स्वतंत्रपणे दाखवलेली आहे. यांपैकी राष्ट्रीय संग्रहालय आणि सेंट फॅगन्स या दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांमधील प्रवेश 2001 पासून सर्वांना मोफत आहे आणि त्यासाठी तेथील रहिवासी असण्याचीही अट नाही. सेंट फॅगन्सला गाडी लावण्याचे शुल्क घेतले जाते याची मला कल्पना आहे, परंतु वाहनतळाच्या खर्चाला प्रवेश शुल्क म्हणता येत नाही. त्या दिवसातले तिकीट लागणारे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे किल्ला, आणि नेमका तोच आपण आम्हाला आतून दाखवला नाही. म्हणजे जिथे पैसे लागत नाहीत तिथले पैसे घेतले गेले आणि जिथले तिकीट काढायला हवे होते ते काढलेच गेले नाही. या तक्रारीतील सर्वांत गंभीर बाब हीच आहे, आणि ती नजरचुकीने घडली असे मानणे मला कठीण जाते, कारण दरवर्षी तिथे प्रवासी नेणाऱ्या कंपनीला ही माहिती नसेल हे संभवत नाही.

दुसरी बाब दिवसाच्या निवडीची. आमची बस ज्या शनिवारी कार्डिफला पोहोचली, त्या दिवशी प्रिन्सिपॅलिटी स्टेडियममध्ये संगीताचा मोठा कार्यक्रम होता. हे स्टेडियम गावाबाहेर नसून ऐन शहराच्या मध्यभागी, किल्ल्यापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे आणि त्याची आसनक्षमता सुमारे 74 हजार आहे. तिथे मोठा कार्यक्रम असला की आसपासचे रस्ते वाहनांसाठी बंद होतात आणि ही सूचना आगाऊ प्रसिद्ध केली जाते. एवढी चौकशी आपल्या कार्यालयातून झाली असती, तर कार्यक्रमाचे दिवस पुढेमागे करता आले असते किंवा निदान सकाळी लवकर निघता आले असते. प्रत्यक्षात बस शहराच्या वेशीवरच बराच वेळ अडकली आणि किल्ल्यापाशी आम्ही दुपारी उतरलो, तेव्हा आत जाण्याएवढा वेळ उरला नसल्याचे आम्हाला सांगण्यात आले.

त्या ठिकाणी नेमके काय हुकले, हे लिहिणे मला आवश्यक वाटते. या एकाच आवारात रोमन छावणीच्या तटाचे अवशेष, नॉर्मन काळातला उंच टेकाडावरचा बारा बाजूंचा बुरूज आणि कोळशाच्या निर्यातीवर गडगंज झालेल्या ब्यूट घराण्याने विल्यम बर्जेस या वास्तुरचनाकाराकडून एकोणिसाव्या शतकात सजवून घेतलेला महाल आहे. पुढे 1947 मध्ये त्या घराण्याने किल्ला शहराच्या स्वाधीन केला. रोमन तटाचे मूळ दगड कुठे संपतात आणि नंतरचे बांधकाम कुठे सुरू होते, हे समजावे म्हणून भिंतीत तांबड्या दगडांची रेघ घातलेली आहे. ही रेघ आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून सांगितलेली एक शिक्षिका तिच्यापासून हाकेच्या अंतरावर रस्त्यावर उभी राहिली, आणि आम्हाला शेजारच्या बागेच्या कडेच्या भिंतीवरील दगडी प्राण्यांसोबत छायाचित्रे काढून घेण्यास सांगण्यात आले. ते प्राणी सुंदर आहेत, पण ते रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसतात.

सेंट फॅगन्सला आम्हाला तासभरही मिळाला नाही. सुमारे शंभर एकरांच्या त्या परिसरात वेल्सच्या निरनिराळ्या भागांतून दगड-विटांसह उतरवून आणून पुन्हा उभारलेल्या चाळीसहून अधिक इमारती आहेत. मर्थर टिडफिलच्या लोखंड कारखान्यातील कामगारांची सहा घरांची एक चाळ तिथे आहे. तिचे पहिले घर 1805 सालचे, पुढची 1855, 1895, 1925 आणि 1955 सालची आणि शेवटचे 1985 सालचे, अशा क्रमाने त्या त्या काळातल्या सामानाने सजवलेली आहेत, त्यामुळे एका दारातून निघून शेजारच्या दारात शिरले की कामगाराच्या संसाराची तीस ते पन्नास वर्षे पुढे सरकतात. गिरणगावात वाढलेल्या माझ्या यजमानांना ही चाळ सावकाश पाहायची होती. तिसऱ्या घराच्या चुलीपाशी ते उभे असतानाच बसमध्ये बसण्याची सूचना आली. गुडघेदुखी असलेल्या आमच्या एका सहप्रवासी आजी तर प्रवेशद्वाराजवळच्या बाकावरून पुढे जाऊच शकल्या नाहीत.

राष्ट्रीय संग्रहालय पूर्णपणे वगळण्यात आले. ग्वेंडोलिन व मार्गारेट डेव्हिस या भगिनींनी जमवून देशाला दिलेली मोने आणि रेन्वार यांची चित्रे तिथे आहेत, आणि त्यांच्यासाठी आलेले किमान चार प्रवासी आमच्या गटात होते. कार्डिफ बेला बस थांबली, आम्ही वेल्सच्या संसदेची इमारत व तांबड्या भाजक्या मातीची पियरहेड इमारत बाहेरून पाहिली आणि परत फिरलो.

वाहतुकीच्या कोंडीला कोणी एक व्यक्ती जबाबदार नसते हे मी समजू शकते, आणि टूर मॅनेजरवर याचा ठपका ठेवला जाऊ नये अशी माझी स्पष्ट विनंती आहे. दिवस कोणता निवडायचा आणि शुल्कपत्रकात काय छापायचे, हे निर्णय आपल्या कार्यालयात झालेले आहेत.

त्यामुळे माझी मागणी अशी आहे की, दोन्ही विनामूल्य संग्रहालयांच्या नावे घेतलेली रक्कम व न काढलेल्या किल्ल्याच्या तिकिटाची रक्कम आम्हा दोघांना, तसेच गटातील प्रत्येक प्रवाशाला, त्यांनी वेगळा अर्ज करण्याची वाट न पाहता परत करावी. पुढील सहलीच्या शुल्कपत्रकातून या दोन ठिकाणांचे प्रवेश शुल्क काढून टाकावे आणि तसे केल्याचे मला लेखी कळवावे. कार्यक्रमपत्रिका, शुल्कपत्रक आणि पावतीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा माझा निर्णय झालेला आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

कळावे,

आपली विश्वासू,
सहलीतील एक ज्येष्ठ प्रवासी
पुणे