खालच्या रानाची खबर

ता. वाळवा, जि. सांगली

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "खालचं रान काय म्हणतंय?" तिथं "बरं हाय" म्हणून भागतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

पांढरा खार अजून फुलतो. ऊन तापलं की ओढ्याकडचा कोपरा पार पांढराफटक. पण खारं पाणी काढायला गाडलेले सच्छिद्र पाइप चालू आहेत. ओढ्यात तोंड काढलंय तिथं रात्रंदिवस बारीक धार पडते. बोट लावून चाखली, खारट! दगडावर तिचे पांढरे ओघळ वाळलेत. उसाला पाटानं वारेमाप पाणी दिलं, काळ्या रानातनं निचरा होईना, खालचं पाणी मीठ घेऊन वर आलं. इतक्या वर्षांचं साचलेलं एक-दोन पावसाळ्यांत कसं निघणार? शिवाय वरच्या शेतांतलं पाणी मुरतच राहिलं तर आपले एकट्याचे पाइप काय करतील? शेजारचे दोघं ठिबकला तयार झालेत. (तिसऱ्याबद्दल लिहीत नाही, आईचं बीपी वाढेल.)

2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आपला ऊस कुजला, तरी पाणी ओसरल्यावर तुम्ही बांधावर पोतं टाकून माळ घेऊन बसलात. मला नाम जमत नाही. मी मोबाईल घरी ठेवून तिथं नुसताच बसतो, आणि तेही नांगरटीपेक्षा जड जातं. पण ओल कुठवर चढलीय, हिरवळीच्या खताचा धैंचा गाडला तिथली माती कशी भुसभुशीत झालीय, हे बसल्यावरच दिसतं. रान कधी सुधारणार हा हिशेबही डोक्यातनं उतरतो. हिशेबच करत बसलो असतो तर प्लॉटिंगवाल्याला केव्हाच होकार दिला असता. येऊन गेलेत ते. माळ ओढताना देव किती जवळ आला, असं तुम्ही तरी कधी मोजलंत?

यंदा तिथं गहू पेरलाय. कोपरा सोडला तर उगवण बरी आहे. माती उन्हाळ्यात पुन्हा तपासायला देईन.

आई, हरभऱ्याची भाजी मागितली होतीस. हरभरा खाराला फार नाजूक, म्हणून वरच्या रानात टाकलाय. शेंडे खुडायला आलेत. रविवारी ताई पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पाठवतो. वहिनीला सांग, धुऊ नको म्हणावं, पानांवरची आंबट आंब जाते.

तुमचा,
धाकटा