‘मूर्तींची’चा अनुस्वार कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ वर्षे मुद्रितशोधन केले. त्यामुळे शीर्षकात काही चुकले की मजकुराआधी माझी नजर तिथेच अडते. गेल्या आठवड्यात नातीच्या आयपॅडवर आपली वेबसाइट वाचताना एका शीर्षकात ‘मूर्तीची’ असे दिसले. बातमी अनेक मूर्तींची होती. अनुस्वार राहिला म्हणून कळवावे, या विचाराने तेच पान मी माझ्या विंडोजच्या संगणकावर क्रोममध्ये उघडले. तिथे ‘मूर्तींची’ असे स्वच्छ छापलेले! फायरफॉक्समध्येही अनुस्वार जागेवर होता. म्हणजे लिहिणाऱ्याची चूक नव्हती. आयपॅडवरच्या सफारी ब्राउझरमध्ये रफाराशेजारचा अनुस्वार शीर्षकाच्या चौकटीच्या वरच्या कडेला छाटला गेला होता.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. नातीने पानाचा कोड उघडून दाखवला. आपण ज्या फॉन्टचे नाव दिले आहे, त्यात रोमन अक्षरे आहेत, देवनागरी नाहीत. मग प्रत्येक ब्राउझर त्या त्या यंत्रावर सापडेल तो फॉन्ट उचलतो. क्रोमने निर्मला घेतला, आयपॅडवर कोहिनूर आला, आणि फायरफॉक्समध्ये शोभिका दिसला, कारण तिथे देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट निवडायची सोय आहे आणि मी तो निवडून ठेवला आहे. या तिन्ही फॉन्टची उंची वेगळी, मात्रा आणि रफार बसवण्याची पद्धत वेगळी. चौकट मात्र एकच, तीही रोमन अक्षरांच्या मापाने आखलेली. ज्याने पान तपासले त्याला ते ठीकच दिसले असणार. वाचकाच्या पडद्यावर अनेकवचनाचे एकवचन झाले, हे त्याला कळणार कसे?

मायक्रोसॉफ्टचा एज आणि क्रोम, दोन्ही ब्राउझरांत तपासले, असे कोणी म्हणेल. पण २०२० पासून एजच्या आतही क्रोमचाच पाया, म्हणजे क्रोमियम आहे. आयफोनवर क्रोम घेतले तरी बहुतेक सर्वत्र आतले, पान रेखाटणारे इंजिन सफारीचे, म्हणजे वेबकिटच असते. फायरफॉक्स तर अनेक ठिकाणी कोणी उघडूनही पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

शिरोरेषेचे दुखणे वेगळे आहे, कारण ते तिन्हीकडे सारखेच दिसले. आपल्या पुरवणीच्या पानावर शीर्षकांच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडले आहे. रोमनला ते शोभते. देवनागरीत मात्र अक्षरागणिक शिरोरेषेला फट पडते आणि शब्द विस्कटतो. खिळ्यांच्या जुळणीत अशी फट राहिली असती, तर आमच्या खात्याने ते प्रूफ परत पाठवले असते.

पानाची भाषाही आपण ‘इंग्रजी’ अशी नोंदवली आहे. ती ‘मराठी’ केली, तर ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात तो आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवतो. नाहीतर हिंदी वळण येते. काम एका शब्दाचे आहे.

‘ॲ’बद्दल मात्र संपादकीय खात्यालाच विनंती. हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या, ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. तरी जुन्या सवयीने ‘अ’ टंकून त्यावर चंद्र चढवला जातो, आणि मग क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये तो चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. काही जण मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून वर्तुळ घालवतात. दिसायला ठीक, पण सरळ ‘ॲ’ टंकून शोधणाऱ्याला तो शब्द सापडत नाही.

एकेका वृत्तपत्राचा स्वतःचा फॉन्ट असण्याचा काळ मी पाहिला आहे. तेव्हाच्या ब्राउझरांपैकी इंटरनेट एक्सप्लोररला फॉन्टची एक फाइल, नेटस्केपला दुसरी, आणि दोन्ही नसतील तर बातमीऐवजी रोमन अक्षरांचा गाळ. युनिकोडने त्यातून सोडवले. आता देवनागरीचा चांगला, मुक्त परवान्याचा फॉन्ट पानाबरोबरच पाठवता येतो. मुक्ता आहे, नोटो आहे. तो पाठवावा, ओळींना वर-खाली पुरेशी जागा द्यावी, आणि साचा बदलला की क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत तो एखाद्या मुद्रितशोधकाच्या नजरेखालून घालावा. प्रोग्रामरला फट दिसत नाही असे नाही; ती चूक आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

सोबत नमुन्याच्या तीन ओळी जोडल्या आहेत. त्यांत ‘मूर्तींची’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘कर्तृत्व’, ‘द्वंद्व’, ‘वाङ्मय’, ‘शल्य’, ‘ॲड.’ हे शब्द आहेत. नव्या साच्यात आधी त्याच लावून पाहाव्यात. पडद्यांची छायाचित्रे पाठवलीत, तर मी तपासून त्याच दिवशी परत करीन.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक