पोटॅशियम किती आलं?

सॅन होजे,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय मंगल,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "आपण बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत, दर महिन्याला पगारातून इन्शुरन्सचे पैसे कापले जातात, आणि कागदपत्रं नसलेल्यांना फुकट डॉक्टर?" अगं, रागावले नाही. पे-स्लिप हातात आली की मलाही तसं वाटतं. पण 'इमर्जन्सी असेल तर द्या, बाकीचं कशाला' म्हणालीस ना, तिथे मी अडले.

टेक्सासला इमर्जन्सीत नर्स होते तेव्हाचं सांगते. माळीकाम करणारा एक माणूस दर पाच-सहा दिवसांनी यायचा. दोन्ही किडन्या निकामी. एरवी अशा पेशंटला आठवड्यातून तीनदा, ठरल्या वेळी डायलिसिस मिळतं. याच्याकडे इथे राहण्याची कागदपत्रं नव्हती, म्हणून याला मात्र जीव धोक्यात आल्याचं सिद्ध झालं तरच. दारात आलेल्याला तपासून स्थिर करावंच लागतं, हा १९८६ चा कायदा. त्यापुढचं बंधन नाही. पहाटे यायचा. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून खुर्चीतच बसून असायचा. रक्त घ्यायचं आणि मग सगळे एका आकड्याची वाट बघत बसायचे: पोटॅशियम किती आलं? (ते फार वाढलं की हृदय बंद पडू शकतं.) पुरेसं वाढलेलं नसेल तर घरी परत!

एकदा त्याच्या बायकोने हळूच विचारलं, निघताना संत्र्याचा रस पाजला तर चालेल का? जो रस किडनीच्या पेशंटला देऊ नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, तोच. तिला आकडा वाढवायचा होता. मी नाही म्हटलं. पुढच्या खेपेला तिच्या पिशवीत रसाची रिकामी बाटली दिसली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पुढे २०१८ मध्ये डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या अशा पेशंटांची तुलना छापून आली. फक्त इमर्जन्सीत डायलिसिस मिळणाऱ्यांना पाच वर्षांत मृत्यूचा धोका नियमित डायलिसिसवाल्यांच्या चौदा पट. मग २०१९ मध्ये कोलोरॅडोने काय केलं, तर किडनी निकामी होणं हीच इमर्जन्सी धरली. आजार तोच, माणसं तीच, फक्त व्याख्या बदलली. म्हणून तुझी ती 'इमर्जन्सी' आणि 'बाकीचं' यांच्यातली रेघ मला कुठे ओढायची तेच कळत नाही.

खर्चाचं मात्र तुझं बरोबर आहे, उगाच नाकारणार नाही. कॅलिफोर्नियाने कागदपत्रं नसलेल्यांसाठी २०१६ मध्ये मुलांपासून सुरुवात केली आणि जानेवारी २०२४ पर्यंत त्यांच्यातल्या सगळ्या वयाच्या लोकांना मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा राज्याचा सरकारी विमा, खुलं केलं. खर्च अंदाजाबाहेर गेला. मार्च २०२५ मध्ये मेडी-कॅलसाठी ३.४४ अब्ज डॉलर्सची उचल घ्यावी लागली. सगळा दोष यांचाच नव्हता, औषधंही महागली होती, पण बोट यांच्याकडेच गेलं. या जानेवारीपासून कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी बंद. आधीचे राहतील, पण जुलैपासून त्यांच्या दातांचे उपचार वगळले आणि २०२७ च्या जुलैपासून १९ ते ५९ वयाच्यांना महिना ३० डॉलर्स. हप्ता घ्या की, माझी हरकत नाही. पण दार बंद करणं वेगळं. आणि तू फुकट म्हणतेस, तर हेही ऐक: ओबामाकेअरच्या बाजारात, म्हणजे त्या कायद्याखालच्या सरकारी विमा-बाजारात, या लोकांना स्वतःच्या खिशातले पैसे मोजूनही पॉलिसी घेता येत नाही.

आता मी क्लिनिकमध्ये आहे. गेल्या मंगळवारी एक बाई साखर तपासायला आली. पर्समधून मेडी-कॅलचं ते पिवळं पाकीट काढलं, नूतनीकरणाचं. फोडलेलंही नव्हतं. गेल्या वर्षी मेडिकेडची (मेडी-कॅल हा त्याचाच कॅलिफोर्नियातला भाग) माहिती इमिग्रेशनवाल्यांकडे गेल्याचं तिने ऐकलं होतं, आणि ते खरंच होतं. तिने विचारलं, पत्ता लिहून पाठवणं जास्त धोक्याचं की न पाठवणं? न पाठवावं तर नाव गळणार, आणि आता एकदा गळलं की पुन्हा लागणं कठीण. मला उत्तर सुचेना. साखर २८० होती, तेवढं सांगितलं आणि तिला सोशल वर्करकडे नेलं. जाताना पाकीट तिने तसंच पर्समध्ये टाकलं.

रविवारी फोन कर, नाइट ड्यूटी नाहीये. भांडू या निवांत.

तुझी,
रेखा