एकोणीसचा पाढा म्हणायला लावणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही लेकाकडं पुण्याला गेलात आणि फोन तर तुम्ही उचलतच नाही, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. नातवाला मोठ्यानं वाचायला लावा. ग्राउंडवरची भरतीची पोरं तुम्हाला 'सर' म्हणतात, पण माहेरच्या गावच्या माणसाला सर म्हणणं मला काही जमलं नाही.

आपली गाठ पडली तेव्हा माझा मोबाइलवरचा पळायला शिकवणारा तो नऊ आठवड्यांचा कार्यक्रम संपून दीड महिना झाला होता. मोबाइलमधली बाई सांगायची, एक मिनिट पळा, दीड मिनिट चाला. असं वाढवत वाढवत नवव्या आठवड्यात सलग 30 मिनिटं. जॉश क्लार्क नावाच्या माणसानं 1996 मध्ये आपल्या पन्नाशी उलटलेल्या आईला डोळ्यापुढं ठेवून हे आखलं होतं, असं नंतर वाचलं. ते नऊ आठवडे सोन्यासारखे गेले. मग बाई गप्प झाली. मी आपली रोज तोच बिंदुसरा नदीकडचा रस्ता, तेवढाच वेळ, दातओठ खाऊन. कालच्यापेक्षा दहा सेकंद तरी लवकर यायचं, एवढंच डोक्यात. दमसास काही वाढेना, उलट नडगी ठणकायला लागली. बूट दिसले तरी कंटाळा यायचा.

आणि तुम्ही विजेच्या खांबाला टेकून म्हणालात, "कामून पळायलीस गं एवढी? कुत्रं लागलंय का मागं?"

राग आला होता, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच सोबत निघालात आणि म्हणालात, एकोणीसचा पाढा म्हण. एकोणीस दुणे अडतीसलाच मला धाप लागली. "मग लई जोरात पळायलीस. पाढा संपेस्तोवर म्हणता आला पाहिजे, तेवढंच पळायचं." इतकं हळू, की किटली घेऊन चालणारी दूधवाली आपल्या पुढं निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला काहीच नाही.

असं हळू पळूनही हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि पायाच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हे मला पुढं कळलं. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "छातीला दम महिन्यात येतो, पायाला सहा लागतात." माझी नडगी का दुखली ते त्या एका वाक्यात आलं. छाती तयार झाली होती, हाडं आणि कंडरा मागंच होत्या, आणि मी त्यांना फरपटत होते.

बुधवारचा खांबाखांबाचा खेळ मात्र माझा सगळ्यात लाडका. या खांबापासून त्या खांबापर्यंत जीव खाऊन, मग बाभळीपर्यंत निवांत, मग समोरून शेळ्या येतील तोवर पुन्हा जोरात. ठरलेलं काहीच नाही. 1600 मीटरची तयारी करणारी पोरं हसायची, आठवडाभरात तीच मागं यायला लागली. स्वीडनच्या गोस्टा होल्मर यांनी 1930 च्या दशकात हेच शिकवलं आणि त्याला फार्टलेक, म्हणजे वेगाचा खेळ, असं नाव दिलं, हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मग तिकडंबी खांब असतील."

शुक्रवारी खंडेश्वरीचा चढ, वर पळत, खाली चालत. रविवारी पांदणीनं लांबचं. दर रविवारी एक किलोमीटर जास्त, चौथ्या रविवारी मुद्दाम कमी. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटायची की पाय उचलणं हीच कसरत. एप्रिलात वेळ वाढली म्हणून मी रडकुंडीला आले, तर तुम्ही घड्याळच काढून ठेवायला लावलंत. उन्हाळ्यात रक्त कातडी गार ठेवायलाही धावतं, ठोके आपसूक वाढतात, त्यात पळणाऱ्याचा काय दोष?

एक गोष्ट मात्र मी तुमची ऐकली नाही. पळताना पाणी प्यायचं नाही, हा तुमचा जुना हट्ट. मी मीठ-साखर-लिंबाची बाटली नेते. रागावा खुशाल.

आणि ती 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकची रात्र. एक वाजता तुमच्या ओसरीवर आपण दहा-बाराजण अविनाश साबळेची 3000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल बघत होतो. तो अकरावा आला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "गेलं मेडल." तुम्ही असे भडकलात! "आष्टी तालुक्यातलं मांडवा बघितलंस का? सहा किलोमीटरवर शाळा होती त्या लेकराची. 28 अडथळे, वर सात बार पाण्यातून उडी, अन् जगात अकरावा. तू बस पकडायला तरी पळतोस का?" मग माझ्याकडं वळून हळूच, "जोरात पळतेत ते टीव्हीवर दिसतं. महिनोन्‌महिने हळू पळतेत, ते कोण दाखवतंय?"

परवाच्या रविवारी मी 10 किलोमीटर पळाले, मामा. 1 तास 24 मिनिटं. दूधवाली अजूनही पुढं जाते, पण आता ती थांबून विचारते, म्हातारबाबा कवा येणार?

नवव्या किलोमीटरला पाढा म्हणून बघितला. सातव्या ओळीला अडले. धाप लागली म्हणून नाही, आठवेचना. एकोणीस साते किती, तेवढं नातवाकडून कळवा.

तुमची भाची