वेर्नाझातली बटणं

लुक्का, इटली, १९ जानेवारी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर धड बोलणं झालं नाही. गाडी बोगद्यात शिरली की आवाज तुटायचा, आणि ला स्पेझियाच्या पुढे बोगद्यांशिवाय दुसरं काही नाहीच. बाबा, तुमची फार आठवण आली. जेनोआ ते ला स्पेझिया ही लाइन १८७४ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे आपली कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली त्याच्या सव्वाशे वर्षं आधी, तसाच समुद्र आणि तसेच कडे. वेर्नाझाचं स्टेशन तर दोन बोगद्यांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखं आहे. फलाट जेमतेम उघड्यावर, टोकं अंधारात. मी मागच्या डब्यात होते. दार उघडलं आणि समोर नुसता ओला काळा दगड! वाटलं, स्टेशन यायचंय अजून. बसूनच राहिले असते, एका आजोबांनी हाताला धरून उतरवलं.

चिंक्वे तेर्रे म्हणजे कड्याला चिकटलेली पाच गावं, वेर्नाझा त्यातलंच एक. उन्हाळ्यात तिथे गणपतीतल्या दादर स्टेशनसारखी गर्दी असते म्हणे. जानेवारीत निम्मी हॉटेलं बंद, बोटी बंद, दुकानांच्या दारांवर सुट्टीच्या चिठ्ठ्या. खोली स्वस्त मिळाली म्हणून मी खूश, पण पहिल्या रात्री जेवायला कुठे मिळेना. बिस्किटं खाऊन झोपले. (आई, हे वाचून लगेच फोन करू नकोस, दुसऱ्या दिवशी भरपूर जेवले.) आणि काय जेवले सांगू? बेसनाचा पोळा! इथे त्याला फारिनाता म्हणतात. बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, बस्स. परातीएवढ्या तांब्याच्या पसरट ताटात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडेला कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत. ना ओवा, ना मिरची. तू दोन घास खाऊन म्हणाली असतीस, "बरंय, पण ठेचा काढ."

कोर्नील्यालाही गेले. ते एकच गाव समुद्रावर नाही, वर डोंगरावर. स्टेशनवरून पावणेचारशेच्या वर पायऱ्या. बाबांच्या गुडघ्यांना सांगून ठेवते, बसही आहे. डोंगरभर दगडावर दगड रचून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे. चुना नाही, सिमेंट नाही, आपल्या गडग्यासारखंच. तरुण माणसं शहरात गेली, कित्येक बांध ढासळले.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते. २५ ऑक्टोबर २०११ ला या भागात एका दिवसात काही ठिकाणी पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पडीक मळ्यांचे बांध सुटले, डोंगर खाली आला. वेर्नाझाचा मुख्य रस्ता म्हणजे मुळात ओढ्यावर घातलेलं झाकण. ओढ्याने ते मानलं नाही. चार मीटरपर्यंत गाळ आणि दगड साचले. माणसं गेली.

मी जिथे उतरले होते त्या घराच्या आजी सत्तरीच्या पुढच्या. कॉफी देताना त्यांनी दारावरच्या भिंतीला हात लावून दाखवला, "फिन क्वी." इथपर्यंत. त्यांचा हात दाराच्या चौकटीच्या वर होता. मी मोबाइलमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरातला आपल्या चिपळूणच्या बाजारपेठेचा फोटो काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून खूप वेळ बघितला. मग बाबा फावड्याने ओटीवरचा चिखल ओढतायत तो फोटो बघितला आणि मान हलवली. त्यांना माझं इंग्रजी येत नव्हतं, मला त्यांचं इटालियन. गाळ दोघींना कळला.

त्यांना विचारणार होते की तुम्ही सोडून का नाही गेलात. तेवढ्यात माझं लक्ष विजेच्या बटणांकडे गेलं. तळमजल्यावरचे सगळे प्लग माझ्या खांद्याच्या उंचीवर! फ्रिज कोनाड्यात बांधलेल्या ओट्यावर. कागदपत्रांचं कपाट जिन्याच्या वर. पुढचं विचारलंच नाही.

काल इथे लुक्काला आले. गावाभोवती चार किलोमीटरचा तट आहे, वर झाडं आणि फिरायला रस्ता. थंडीत टोप्या घातलेली म्हातारी जोडपी फेऱ्या मारत असतात. एवढा तट बांधला शत्रूसाठी, पण त्याच्यावर लढाई कधी झालीच नाही. कामाला आला १८१२ मध्ये, सेर्क्यो नदीचा पूर आला तेव्हा. वेशीचे दरवाजे लावून घेतले आणि पाणी बाहेर राहिलं. नेपोलियनची बहीण एलिझा तेव्हा इथे राज्य करायची. ती बाहेर अडकली आणि तिला यारीने तटावरून आत उचलून घेतलं, असं सांगतात. खरंखोटं माहीत नाही, पण मला रात्रभर स्वप्नात आईच यारीला लटकलेली दिसत होती, हातात देवांचा डबा.

आपल्या वाशिष्ठी नदीला काही कोणी तट बांधणार नाही. गाळ काढा म्हणून बाबा साखळी उपोषणाला जाऊन बसले तेव्हा मी फोनवर चिडले होते, "या वयात कशाला?" दिवाळीत पुण्याच्या फ्लॅटवरून तर आपलं भांडणच झालं. तो विषय मी आता काढणार नाही. मला अजूनही भीती वाटते, पाऊस सुरू झाला की तिकडे स्टुटगार्टला झोप येत नाही, हे मात्र लपवत नाही.

पण तुम्ही राहणारच असाल तर वायरमनला बोलवा आणि खालचे सगळे पॉइंट बाबांच्या खांद्याइतके वर घ्या. मीटरही. पैसे मी पाठवते, त्यावरून वाद नको. अल्बम आणि घराचे कागद माळ्यावर. आणि आई, घरघंटी दोनदा भिजली, दोनदा तू ती दुरुस्त करून आणलीस. या वेळी ती आधीच वर चढवा. जड आहे, चार माणसं लागतील. शेजारच्यांना सांगा, मे महिन्यातच उरकून घ्या. मी येईपर्यंत थांबू नका, मला रजा जूनची मिळाली आहे.

तुमची,
ताई