पतंगाचा दोर टॉवरला दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली आणि विमानाच्या वाटेतला अडथळा संपला, असे शहराने गृहीत धरले. ९ जून २०२५ ला गोव्याची विमानसेवा सुरू झाली, पुढे मुंबईचीही. चिमणी निदान वैमानिकाच्या नकाशावर होती. पतंग, ड्रोन आणि घारी कुठल्याच नकाशावर नसतात.

हिशेब साधा आहे. विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते आणि धावपट्टीच्या टोकावरून सुमारे ५० फुटांवरून आत शिरते. म्हणजे टोकाच्या १ किलोमीटर अलीकडे त्याची उंची ६८ मीटरच्या आसपास, अर्ध्या किलोमीटरवर जेमतेम ४२ मीटर. वारा सुटला की गच्चीवरचा पतंग याच उंचीवर डुलत असतो. एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाचा तेव्हाचा वेग ताशी दोनशे किलोमीटर धरला, तर हा शेवटचा किलोमीटर १८ सेकंदांत संपतो. पतंग रडारवर उमटत नाही. टॉवरमधला हवाई वाहतूक नियंत्रक काचेतून, दुर्बिणीतून पाहणार. त्याला पतंग दिसेलही, दोर दिसत नाही. दिसला तर वैमानिकाला 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, असे सांगायचे, एवढेच त्याच्या हातात. विमानतळाच्या भिंतीबाहेर त्याची सत्ता चालत नाही.

नायलॉन मांजा प्रोपेलरच्या मुळाशी किंवा चाकाच्या आसाभोवती गुंडाळतो, घर्षणाने वितळतो आणि तेल-वंगण गळू न देणाऱ्या सीलला इजा करू शकतो. त्याने लगेच विमान कोसळते असे नाही. पण तपासणीशिवाय ते पुन्हा उडवता येत नाही, आणि देखभालीचा तळ नसलेल्या विमानतळावर इंजिनिअर बाहेरून येईपर्यंत परतीच्या प्रवाशांनी बसून राहायचे. या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. दुकानदारांना ती ठाऊकही आहे.

घारींचे मूळ कचऱ्यात आहे. विमान नियम १९३७ मधील नियम ९१ नुसार विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा टाकणे, परवानगीशिवाय जनावरे कापणे वा सोलणे मना आहे. या वर्तुळात जवळजवळ अख्खे सोलापूर येते. महापालिकेने मांसविक्रेत्यांचा कचरा झाकलेल्या गाडीतून रोज उचलला तरी पुष्कळ फरक पडेल. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, मग तो कितीही खाली असो.

शहरभर बंदीचे फलक लावून हे थांबणार नाही. उतरण्याचा पट्टा धावपट्टीच्या टोकाशी सुमारे ३०० मीटर रुंद असतो आणि दोन्ही बाजूंनी १५ टक्क्यांनी, म्हणजे दर १०० मीटरला १५ मीटर, फाकत जातो. १ किलोमीटरवर तो सहाशे मीटरसुद्धा भरत नाही. लक्ष ठेवायचे ते एवढ्याच गच्च्यांवर. मुंबईत विमाने एकामागोमाग उतरतात, तिथे अशी गस्त दिवसभर लागेल. आपल्याकडे फेऱ्या मोजक्या आहेत. प्रत्येक विमानाच्या अर्धा तास आधी पोलिसांचे एक दुचाकी पथक त्या वस्तीत फिरावे आणि त्याचा फोन थेट टॉवरशी जोडलेला असावा. वाऱ्यानुसार उतरण्याचे टोक बदलते, तेव्हा आज कोणते टोक वापरात आहे हे टॉवरनेच पथकाला सांगावे. नाहीतर गस्त मजरेवाडीच्या बाजूला आणि विमान कुमठ्याकडून, असे व्हायचे.

— विमान वाहतूक क्षेत्रातील एक निवृत्त कर्मचारी, होटगी रोड, सोलापूर