प्रार्थनागीताच्या चालीतला शुद्ध गांधार

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाश्चात्त्य संगीताने श्रुतींशी, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांशी, कायमची फारकत घेतली, असे विधान आपल्या पुरवणीत अलीकडे वाचले. ठरावीक स्वरांच्या पट्ट्या असलेले पियानो आणि पेटी डोळ्यांसमोर ठेवली तर ते पटते. पण अमेरिकी संगीतकार बेन जॉन्स्टन (१९२६–२०१९) यांनी १९७३ मध्ये रचलेली चौथी तंतुवाद्य-चौकडी ऐकल्यावर ते सरसकट खरे मानता येत नाही.

दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांसाठीच्या या रचनेचा आधार आहे ‘अमेझिंग ग्रेस’ हे प्रार्थनागीत. एके काळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेल्या आणि पुढे धर्मोपदेशक झालेल्या जॉन न्यूटन यांचे शब्द १७७९ मध्ये छापले गेले. आज सर्वतोमुखी असलेली चाल त्या शब्दांना अमेरिकेत १८३५ च्या सुमारास जोडली गेली. मिरजेच्या चर्चमध्ये पेटी-तबल्याच्या साथीने रेव्हरंड टिळकांची पदे म्हणत वाढलेल्या मला ही चाल कधीच परकी वाटली नाही, कारण तिच्यात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर आहेत, म्हणजे आपल्या भूप रागाचेच.

जॉन्स्टन ही चाल प्रथम केवळ षड्ज-पंचम भावातून (सा ते प हे अंतर पुन्हा पुन्हा घेऊन) मिळणाऱ्या स्वरांत मांडतात, तेव्हा गांधार (ग) किंचित चढा, म्हणजे षड्जाच्या कंपनसंख्येच्या ८१/६४ पट लागतो. पुढच्या आवर्तनांत तो ५/४ वर उतरतो आणि सारा स्वरमेळ एकाएकी निवळतो. त्यानंतर षड्जाच्या सातव्या स्वयंभू स्वराचे (मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांपैकी एकाचे) नातेही रचनेत शिरते आणि लय अधिकाधिक गुंतागुंतीची होत जाते. या वाद्यांना पडदे नसल्यामुळे प्रत्येक स्वर वादकाला कानाने शोधावा लागतो, हेच या रचनेचे खरे आव्हान आहे. तो उतरलेला गांधार म्हणजे जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार. या दोन गांधारांमधले ८१/८० चे अंतर आपल्याकडे प्रमाणश्रुती म्हणून ओळखले जाते, आणि त्याच विचाराचा पाठपुरावा सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने करून १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावात ही चौकडी ऐकण्याची एकही बैठक माझ्या ऐकिवात नाही. क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी वादकसंचाने वाजवलेले तिचे ध्वनिमुद्रण १९८७ पासून उपलब्ध आहे आणि ते जेमतेम दहा-अकरा मिनिटांचे आहे. येथील संगीत मंडळांनी आणि चर्चच्या गायकवृंदांनी एकत्र येऊन, आधी दहा मिनिटे नुसता तंबोरा आणि मग ही रचना, अशी एक संध्याकाळ ठरवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तंबोरा घेऊन मी स्वतः हजर राहीन.

आपला नम्र,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)